ग्रहमालेची उत्पत्ती

तरुण ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू व धूळ यांच्या तबकडीतून ग्रह, उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू इ. घडून येण्याची क्रिया. या कल्पनेचे मूळ इमॅन्युएल कांट (१७५५) व प्येअर सीमॉन लाप्लास (१७९६) यांच्या अभ्रिका सिद्धांतात आहे. सूर्यकुलातील ९९ टक्क्यांहून अधिक द्रव्यमान सूर्यात असले, तरी कोनीय संवेगाचा बहुतेक भाग ग्रहांकडे आहे. याचा उलगडा अभ्रिका सिद्धांताने होईना, म्हणून जवळून गेलेल्या ताऱ्याने सूर्यातील द्रव्य ओढून काढले असावे, असे जेम्स जीन्स प्रभृतींनी सुचविले. परंतु असे तप्त द्रव्य गोळा होण्याऐवजी विखुरले जाईल, हे लायमन स्पिट्झर यांनी १९३९ मध्ये दाखविल्यावर ती कल्पना मागे पडली.

आंतरतारकीय मेघाचा थंड व दाट भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू लागला म्हणजे त्याची मूळची मंद परिभ्रमणगती वाढत जाते. त्यामुळे सर्व द्रव्य सरळ केंद्रात पडू शकत नाही. मध्यभागी तारा व भोवती चपटी तबकडी अशी रचना होते. चुंबकीय क्षेत्र व तारकीय वारे यांच्या द्वारे तारा पुढे आपला कोनीय संवेग गमावतो. सूर्याला विषुववृत्ताजवळ एका परिभ्रमणास आज सु. २५ दिवस लागतात, ते यामुळेच. जुना आक्षेप अशा रीतीने दूर झाला.

आधुनिक सिद्धांताची घडी व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांच्या १९६९ च्या ग्रंथाने बसविली. सूक्ष्म धूलिकण एकमेकांना चिकटून खडे होतात, येथवर अडचण नाही. खरा पेच पुढे आहे. तबकडीतील वायूला दाबाचा आधार असल्याने तो किंचित मंद फिरतो. खड्यांना व दगडांना असा आधार नसल्याने त्यांना सतत समोरून येणाऱ्या वाऱ्याला तोंड द्यावे लागते आणि ते आत सरकतात. पृथ्वीच्या कक्षेइतक्या अंतरावरील मीटरभर आकाराचा दगड सु. शंभर वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल, असे गणित सांगते. मग पृथ्वी घडलीच कशी? अँड्र्यू युडिन व जेरेमी गुडमन यांनी २००५ मध्ये दाखविलेल्या अस्थिरतेत खड्यांचे थवे वायूवर उलट परिणाम करून दाट होत जातात व अखेर स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकदम कोसळून त्यांचे ग्रहाणू बनतात. हे उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते. मात्र ही घटना प्रत्यक्ष कोणी पाहिलेली नाही.

ताऱ्यापासून दूर, जेथे पाणी गोठते तेथे, घन द्रव्य विपुल असते. तेथील गाभा पृथ्वीच्या सु. दहापट झाला की तो वायू वेगाने खेचून घेतो. तबकडीतील वायू काही दशलक्ष वर्षांतच नाहीसा होत असल्याने गुरूसारख्या ग्रहाला घाई करावी लागते; पृथ्वीला मात्र पूर्ण होण्यास काही कोटी वर्षे मिळाली.

बीटा पिक्टोरिस ताऱ्याभोवतीच्या तबकडीचे छायाचित्र १९८४ मध्ये मिळाले. चिलीतील आल्मा रेडिओ दूरदर्शकांनी २०१४ मध्ये वृषभ राशीतील एचएल टाउरी या, जेमतेम दहा लाख वर्षे वयाच्या ताऱ्याच्या तबकडीत अनेक गडद वलये टिपली. ती ग्रहांनी कोरलेली असतील, तर ग्रहनिर्मिती अपेक्षेपेक्षा फार लवकर सुरू होते. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत तर २०१८ व २०१९ मध्ये दोन वाढते ग्रह दिसले, आणि त्यांपैकी बाहेरच्या ग्रहाभोवती, जिच्यातून उपग्रह घडू शकतील अशी, धुळीची वेगळी तबकडी २०२१ मध्ये स्पष्ट झाली.