फिरंगी-मुसलमान युद्धें आणि बखरकारांची लेखणी

जुन्या गोव्यांत सेंट कॅथरीनचें एक लहानसें चॅपेल आहे. तेथील शिलालेख सांगतो कीं, ज्या वेशींतून शिरून अल्बुकर्कनें मुसलमानांकडून शहर घेतलें, ती वेस याच जागीं होती. तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरीनचा सण. पुढें गोव्याचें मुख्य चर्चही तिच्याच नांवें झालें. बंदर आणि व्यापार यांसाठीं झालेली लढाई अशी सणावारांत जाऊन बसली. आणि सणाची कथा सहसा कोणी पारखून घेत नाहीं.

श्रोतेहो, धर्मद्वेष सर्वस्वीं बखरकारांनींच रचला, असें मात्र म्हणवत नाहीं. मुसलमानांची कत्तल केल्याचें, आणि शेतकरी व ब्राह्मण यांस वगळण्याचा हुकूम दिल्याचें, अल्बुकर्कनें त्याच डिसेंबरांत राजास स्वतःच लिहिलें आहे. या युद्धांत हिंदूही होते. गोव्यावर चालून जाण्याचें अल्बुकर्कला सुचविणारा तिमोजा हिंदु. उलट, मलबारच्या शेख झैनुद्दीननें आपला अरबी ग्रंथ विजापूरच्या अली आदिलशहास अर्पण करून फिरंग्यांविरुद्ध धर्मयुद्धाची हांक दिली; पण मुसलमानांचा मोठा आधार कालिकतचा हिंदु राजा सामुरी हा होता, हें त्याच ग्रंथावरून दिसतें. ग्रंथांची मांडणीच दोन धर्मांच्या झुंजीची, म्हणून वाचकाच्या स्मरणांत हे तिसरे लोक टिकले नाहींत.

पोर्तुगिजांचा थोर इतिहासकार बार्रुश हिंदुस्थानांत कधीं आलाच नाहीं. लिस्बनच्या हिंदुस्थान-कचेरींत बसून त्यानें १५५२ पासून आपले ग्रंथ छापविले. त्यास हंसूं नये. गोंदियाकडील प्रतापगडास राहणाऱ्या आम्हांसही समुद्र पुस्तकांतूनच ठाऊक!

आतां चौल पाहा. १५७० च्या अखेरीस मूर्तजा निजामशहानें चौलास, आदिलशहानें गोव्यास वेढा घातला. सामुरीही त्यांस मिळाला. तरी १५७१ त वेढे उठले. फिरिस्ता हा अहमदनगरांत वाढलेला लेखक. तो सांगतो कीं, निजामशाही सरदार फितले, आणि फिरंग्यांच्या लांचांत मद्य विशेष होतें. पोर्तुगीज लेखकांस त्यांत आपलें शौर्य व ईश्वरी कृपा दिसली. आंतोनियो दि कास्तील्यूचें या वेढ्यांवरील पुस्तक १५७३ सालींच लिस्बनला छापून निघालें. फिरिस्त्याचा फारसी ग्रंथ मात्र नकला होत होत हातोहात फिरत राहिला; ब्रिग्जनें त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें तें १८२९ सालीं.