दहा नंबरचा बुधवार

सकाळचे साडेसहा. लंडनमधल्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या दहा नंबरच्या घरात दिवस उजाडतो तो रात्री अर्धवट राहिलेल्या लाल पेटीने. सहीसाठी आलेली पत्रं, निर्णयाची वाट पाहणारी टिपणं, परदेशातल्या खबरा, सगळं त्यात कोंबलेलं असतं. पंतप्रधान कोणीही असो, पेटी कोणाला चुकलेली नाही.

साडेआठपर्यंत माणसं यायला लागतात. काळं दार आतला माणूस उघडेल तेव्हाच उघडतं. पण मी दारापेक्षा त्यावरच्या पितळी पत्रपेटीपाशी जास्त थांबेन. तिच्यावर ‘पंतप्रधान’ हा शब्दच नाही. कोरलंय ते ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, म्हणजे खजिन्याचा मुख्य अधिकारी. या पदाची कुळकथा त्या अक्षरांत आहे. राजा पहिला जॉर्ज जर्मनीतून आलेला. मंत्र्यांच्या बैठकांना बसणं त्याने सोडलं, आणि बैठकीची सूत्रं खजिना सांभाळणाऱ्याकडे आली. १७२१ पासून तो माणूस होता रॉबर्ट वॉलपोल. ‘प्राइम मिनिस्टर’ हे तेव्हा हिणवायचं नाव होतं, आणि खुद्द वॉलपोलनेच ते नाकारलं होतं. कुठल्या कायद्याने हे पद निर्माण केलं नाही, वहिवाटीने ते रुजलं. दुसऱ्या जॉर्जने हे घर देऊ केलं तेव्हा वॉलपोलने ते स्वतःच्या नावावर घेतलं नाही, पदासाठी मागून घेतलं. म्हणून आजही पद गेलं की घर सोडावं लागतं.

दहाच्या पुढे सगळी तयारी बारा वाजता संसदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची. जाडजूड फाइल उघडलेली, सहकारी विरोधकांच्या भूमिकेत शिरून आडवेतिडवे प्रश्न टाकतायत. एखाद्या लहानशा गावातलं इस्पितळ बंद पडतंय, हेही ठाऊक असायला हवं.

बारा वाजता सभागृहात पहिला प्रश्न येतो तो नेमका दिनक्रमाचा: पंतप्रधानांचे आजचे अधिकृत कार्यक्रम कोणते? उत्तर ठरलेलं. सकाळी सहकाऱ्यांच्या भेटी झाल्या, इथलं काम आटोपून आणखी भेटी होतील. ऐकायला पोकळ वाटतं, पण त्यामागे शहाणपण आहे. एका खात्याचा प्रश्न विचारला तर तो त्या खात्याच्या मंत्र्याकडे वळतो. दिवसभराचं काम विचारलं की मात्र जगातला कुठलाही विषय उपप्रश्नात काढता येतो, आणि तो कोणता हे उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला आधी कळत नाही. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न, तिसऱ्या मोठ्या पक्षाच्या नेत्याला दोन, बाकीच्यांना एकेक. १९६१ पासून हे मंगळवारी आणि गुरुवारी पाव-पाव तास चालायचं. १९९७ पासून बुधवारी सलग अर्धा तास.

इथे मला राहून राहून साताऱ्याची आठवण येते. आपला ‘पंतप्रधान’ हा शब्द पेशव्यांचा. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली १७२० मध्ये, म्हणजे वॉलपोलच्या आदल्याच वर्षी. दोन्हीकडे राजाचा चाकर राजापेक्षा ठळक होत गेला. पण १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा पद मुलाकडे, नानासाहेबांकडे गेलं. दोन वर्षांनी वॉलपोलचं सभागृहातलं पाठबळ तुटलं आणि त्याला पायउतार व्हावं लागलं. बाजीरावांचा पराक्रम मला कोणापेक्षा कमी वाटत नाही. पण पेशव्याला उभं करून जाब विचारणारं सभागृह आपल्याकडे नव्हतं, याची हळहळ वाटते.

दुपार भेटींत आणि परदेशी फोनांत जाते. मंत्रिमंडळाच्या खोलीत होडीच्या आकाराचं लांब टेबल आहे, मधे बसणाऱ्याला सगळे चेहरे दिसावेत म्हणून. हात असलेली खुर्ची एकच, पंतप्रधानाची.

आठवड्यातून एकदा राजाची भेट. तिसरा माणूस नाही, टिपण नाही. ज्याने राजाची जागा घेतली, तो अजूनही राजाला राज्याची हकिगत सांगायला जातो.

संध्याकाळी सातच्या सुमारास मतदानाची घंटा. आठ मिनिटांत दारं बंद होणार. बहुमत निसटतं असेल तर पंतप्रधानालाही धावत यावं लागतं. इतर खासदारांच्या गर्दीत तोही मत नोंदवायच्या अरुंद वाटेने पुढे सरकतो, आणि दाराशी उभे असलेले दोघे मोजणारे तो बाहेर पडताना पुढचा आकडा मोजतात.

रात्री दहा. नवी पेटी आली आहे.