हवेत सुटणारा वायू, विजेचा भाव आणि जहाजाचे भाडे

आम्ही कापडवाले, रसायनशास्त्र आमचा विषय नव्हे. पण युरोपला कंटेनर जातो तेव्हा भाड्याच्या बिलात जानेवारी २०२४ पासून कार्बनचा आकार लागतो आणि तो शेवटी मालावरच बसतो. हा आकार कोणाच्या खाती जाणार, हे सौदा करतानाच लिहून घ्यावे. जहाजाच्या नव्या इंधनाचा हिशेबही व्यापारी बांधवांनी एकदा समजून घ्यावा.

डेन्मार्कमध्ये कासो येथे मे २०२५ मध्ये एक कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला ४२ हजार टन मिथेनॉल. कच्चा माल दोनच. एक, बायोगॅस प्लांटमधला कार्बन डायऑक्साइड. बायोगॅसमधून मिथेन वेगळा काढला की हा उरतो आणि एरवी हवेत सोडला जातो. दुसरा हायड्रोजन, विजेने पाणी फोडून काढलेला. वीज मुख्यतः शेजारच्या सौर प्रकल्पाची. गिऱ्हाईक मर्स्कची जहाजे, शिवाय खेळणी बनवणारी लेगो आणि औषधांची नोवो नॉर्डिस्क. या दोघींना ते प्लास्टिकसाठी हवे.

आता खरी गोम. एक टन मिथेनॉलला सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो आणि एका किलो हायड्रोजनला ५० युनिटांहून जास्त वीज. म्हणजे टनामागे जवळजवळ १० हजार युनिटे! तयार मालात त्यातली साडेपाच हजार युनिटांएवढीच ऊर्जा उतरते. एवढी घट कापडात आली तर आम्ही दुकानच बंद करू. युनिट ५ रुपयांनी धरले तर नुसत्या विजेचेच ५० हजार होतात. नैसर्गिक वायूचे मिथेनॉल यापेक्षा बरेच स्वस्त पडते. वीज २ रुपयांनी मिळाली तर मात्र हिशेब २० हजारांवर येतो.

वायूची आपल्याकडे वाण नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना एक किलो अल्कोहोलमागे जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराच शुद्ध. स्वस्त विजेचे भावही पाहिले आहेत: २०२० च्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सौर लिलावांत युनिटचा दर २ रुपयांच्या आसपास उतरला होता. पण तो उन्हाच्या तासांचा भाव, आणि तोही प्रकल्पाच्या दारातला. रात्री यंत्र थांबवायचे की दिवसाचा हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा? टाकीचा खर्च वेगळा, वीज वाहून आणण्याचा आकार वेगळा. कोणी भागीदारीचा कागद घेऊन आला तर आम्ही आधी हे दोन आकडे विचारू.