खाली माग, वर बिऱ्हाड

सोलापुरात खाली माग आणि वर बिऱ्हाड ही रीत जुनी. सूत, टॉवेल, चादरी यांच्या सोबतीनंच माणसं झोपतात. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागली. तिथेच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार मिळून ८ जण गेले. गेलेलं माणूस कुठलाच विमा परत आणत नाही. मागे राहिलेल्यांना छप्पर मात्र तो देऊ शकतो.

‘भारत गृह रक्षा’ हा घरविमा १ एप्रिल २०२१ पासून मिळतो. आग, भूकंप, पूर, अगदी जंगलातला वणवाही त्यात येतो. रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही. घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चावर ठरते. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. दागिन्यांची नोंद वेगळी करावी लागते.

खरी मेख पुढेच आहे. हा विमा राहत्या घराचा. माग, सूत, तयार माल त्यात धरला जात नाही. त्यासाठी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही निराळी पॉलिसी आहे. अर्जात खालचा माग लपवला, तर आगीनंतर भरपाई अडू शकते. म्हणून माग आणि बिऱ्हाड, दोन्ही स्पष्ट लिहा. घरातली पॉलिसी आजच काढून वाचा.

आणि हो, जिन्यावरचे सुताचे गठ्ठे हलवा. बाहेर पडायची वाट आपली आपणच मोकळी ठेवायची असते.