चकाकीच्या खालचे थर

मुळशीच्या मुसळधार पावसात अनेक चातुर्मास काढलेल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून कधीकाळी बाहेर पडलेल्या जुन्या फियाटच्या बंपरवर गंजाचे ठिपके उमटू लागले की मालकाचा सारा रोष क्रोमियमवर होतो. वस्तुतः तो अन्यायच होय. क्रोमियमचा थर जेमतेम ०.३ मायक्रॉनचा, आणि तोही सूक्ष्म भेगांचा. पोलादाचे खरे संरक्षण त्याखालचे २० ते ३० मायक्रॉन जाडीचे निकेल करीत असते. म्हणून बंपर कारागिराच्या हवाली करताना निकेलच्या जाडीची व बफिंगची कसून चौकशी करावी, कारण जुना मुलामा पूर्ण उतरवून, गंजाचे खड्डे तांब्याने भरून, पुनःपुन्हा घासलेल्या पृष्ठभागावरच आरसा उमटतो, आणि राहिलेला प्रत्येक ओरखडा मुलाम्यानंतर अधिकच ठळक दिसतो.

क्रोमियमचा थर चढवताना क्रोमिक आम्लाच्या कोमट हौदात विद्युत्प्रवाहाचा बहुतांश हिस्सा हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच खर्ची पडतो, आणि त्यांच्याबरोबर उडणारे षट्संयुजी क्रोमियमचे तुषार कामगारांच्या फुप्फुसांत कर्करोगाचे बीज पेरतात. हा विचार मला चकाकीहून महत्त्वाचा वाटतो. ज्या मुळशी तालुक्यातून मुळा पुण्याकडे वाहत जाते, तेथे तरी सांडपाण्यातील हे विष त्रिसंयुजी रूपात आणून, चुन्याने साक्याच्या रूपात वेगळे काढणाऱ्या कारखानदारासच, दर चढा असला तरी, काम द्यावे.