'कु' कोण वाचणार?

परळी वैजनाथच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'जुने दप्तर स्कॅन झाले म्हणतात, मग संगणकात पणजोबांचे नाव टाकल्यावर नोंद का येत नाही?'

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात खासरा पत्रके, कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे बाहेर निघाली. काही मोडी लिपीत, काही निजामी राजवटीतल्या उर्दूत.

स्कॅनर काढतो तो फोटो. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-फोर आकाराच्या पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. त्यात संगणकाच्या लेखी एकही अक्षर नसते. ठिपक्यांतून अक्षर ओळखणे हे वेगळे काम आहे.

छापील देवनागरीसाठी जुनी युक्ती सोपी होती: शिरोरेषा पुसायची, की अक्षरे सुटी होतात. मोडीपुढे ती हरते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवत जातो. काय देखणी गती असते त्या हाताला! पण रेघ पुसली तरी अक्षरे एकमेकांत गुंतलेलीच राहतात. शिवाय दोन शब्दांत जागा नाही. 'जमीनदारास' हा जमीनदार, की दारास लागून असलेली जमीन? पुढची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही.

आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी पाने आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांच्या दोन हजारांवर जोड्यांचा संच मांडला. काम मोलाचे आहे. पण 'आता एआय मोडी वाचणार' या मथळ्यांत जाणकार वाचक हरवतो. त्याने पान आधी बिनचूक वाचले, म्हणून यंत्राला शिकता आले.

समजा, यंत्राने 'कु' अचूक ओळखले. जातीच्या रकान्यात ते कुणबीचे संक्षिप्त रूप असू शकते, मुलीच्या नावाआधी ते कुमारी असते. निर्णय रकाना, आजूबाजूच्या नोंदी आणि लिहिणाऱ्याची सवय पाहून होतो.

म्हणून प्रत्येक फोटोसोबत गाव, वर्ष, रजिस्टर आणि पान क्रमांक यांची सूची हवी. ती नसेल तर पणजोबा बासनातून निघून हार्ड डिस्कमध्ये हरवतील. आणि ती करायला मोडी, उर्दू वाचणारी तरुण माणसे तालुक्यातालुक्यांत हवीत. स्कॅनरच्या खरेदीआधी त्यांच्या शिकवणीची तरतूद व्हावी.