एका तिकिटात दोन मॅच

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा दिवस बहुधा दोन मॅचचा असतो. पहिली दुपारी दोनच्या सुमारास, दुसरी चारला. तिकीट एकच. हंगाम रंगात आला की पेठांतली माणसं भेटीच्या वेळाही या दोन मॅचवरूनच ठरवतात. गॅरेजवाला गिऱ्हाइकाला 'गाडी पहिल्या मॅचच्या आत घेऊन जा' म्हणून सांगतो आणि गिऱ्हाईकही वेळेत येतं, कारण त्यालाही तिकडंच जायचं असतं.

हा फुटबॉल तालमींच्या नावावर चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळं. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. फुलेवाडी, ऋणमुक्तेश्वर, संध्यामठ, उत्तरेश्वर, जुना बुधवार. जिथं पोरं लाल मातीत शड्डू ठोकायची, त्याच तालमींनी पुढं चेंडू हातात घेतला आणि नाव मात्र तालमीचंच ठेवलं. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, लीग भरवते. वरिष्ठ गटात सोळा संघ. लीगच्या जोडीला वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा. दिवाळीनंतर सुरू झालेला हा खेळ उन्हाळा तापेपर्यंत चालतो आणि तेवढे महिने शहराच्या गप्पांना दुसरा विषय लागत नाही.

या गप्पा म्हणजे एक कामच आहे, आणि ते मन लावून केलं जातं. संध्याकाळी तालमीच्या दारात, चौकातल्या फळ्याजवळ माणसं जमतात. फळ्यावर खडूनं उद्याच्या दोन्ही मॅच लिहिलेल्या असतात. आपल्या संघाचं नाव जरा ठळक, पण दुसरी जोडीही वेळेसकट लिहिलेली.

"पहिली कुणाची?"

"संध्यामठ आणि फुलेवाडी. दुसरी आपली."

"मग दोनलाच जाऊया. फुलेवाडीशी पुढं आपली गाठ हाय. पोरं कशी खेळाल्यात बघायला पायजे."

"दोनच्या उन्हात कोण बसणार रे?"

"आबा, टोपी घाला. तुम्ही बसला तर आम्ही बसणार."

आबा बसतात. त्यांच्या पिढीनं उन्हातच फुटबॉल बघितलाय. पण ही चर्चा उन्हापुरती नसते. कुणाचे गुण किती, कुणाचा गोलफरक काय, बरोबरी झाली तर कोण वर सरकतं, कुणाच्या मधल्या फळीतल्या पोराला मागच्या मॅचला पिवळं कार्ड मिळालंय, हे सगळं तोंडपाठ असतं. बाहेरून आलेला परदेशी खेळाडू नव्वद मिनिटं पळतो की तासाभरात दमतो, यावर दोन गट पडतात. आणि या हिशेबात पहिल्या मॅचला दुसरीइतकाच मान असतो. पहिल्या मॅचच्या निकालावर आपल्या संघाचं पुढचं गणित ठरतं, म्हणून माणूस परक्या संघाच्या बचावाचा अभ्यास करतो. दोन मॅच एका दिवशी, एका तिकिटात ठेवण्यातलं खरं शहाणपण मला इथं दिसतं.

मग तिकिटाचा विषय निघतो आणि आवाज चढतात. तिकीट वाढणार, अशी कुणकुण हंगामाच्या तोंडावर हमखास कानावर येते. कट्ट्यावरचे लोक हा विषय उडवून लावत नाहीत, हिशेब मांडून बोलतात. एका रिक्षावाल्या मामांनी माझ्यासमोर बोटांवर केलेला हिशेब असा: समजा तिकीट २० रुपये आणि महिन्याला १५ दिवस स्टेडियमला गेलो, तर ३०० रुपये. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर १,८०० रुपये. तिकीट ३० झालं तर २,७००. ऐकताना दहा रुपयांची वाढ, पण हंगामाला एका माणसामागं ९०० रुपये जास्त. पोराला बरोबर नेलं तर दुप्पट. "फायनलला वाढवा की," मामा म्हणाले, "फायनलला माणूस काय पण करून येतोय. पण मंगळवारी दुपारी दोनला येणाऱ्यानं काय गुन्हा केलाय?"

त्यांच्या शेजारचे तात्या मात्र वाढीच्या बाजूचे. स्पर्धा भरवायची म्हणजे पंचांचं मानधन आलं, चेंडू आले, अँब्युलन्स आली, मैदानाची निगा आली, रोख बक्षिसं आली. देणगीदार आज आहे, उद्या नाही. तिकिटाचा पैसा हा आपला स्वतःचा पैसा, तो आला तर खेळ कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची अट एकच: वाढलेला पैसा मैदानात दिसला पाहिजे. गवत दिसू दे, पिण्याचं पाणी दिसू दे, स्वच्छतागृह धड असू दे; मग पाच-दहा रुपयांना कुणी नाही म्हणत नाही.

दोघांचंही म्हणणं मला पटतं, कारण दोघंही एकाच हक्कानं बोलत असतात. तिकीट काढणारा माणूस इथं स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. तो खेळाचा भागीदार असतो.

मॅचच्या दिवशी बाराच्या पुढं स्टेडियमवर गेलं तर हे सगळं उभं राहताना बघायला मिळतं. जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागेवर हे स्टेडियम झालंय. मैदानावर एक जण फक्की मारत असतो. पायानं रेघेचा अंदाज घेत, पांढरी भुकटी सोडत तो पुढं सरकतो. गोलपोस्टजवळची माती सततच्या झटापटीनं उघडी पडलेली असते. तिथं रेघ धड बसत नाही, म्हणून तो पुन्हा मागं येतो आणि गोलरेषा दुसऱ्यांदा ओढतो. चेंडू आत गेला की नाही यावरून संध्याकाळी पेठ पेटू शकते, हे त्याला ठाऊक असतं. बाकीच्या रेघा एका हातात होतात, ही एक रेघ मात्र दोन हात घेते.

फाटकावर तिकिटाचा कागद अर्धा फाडून परत हातात येतो. शाळकरी पोरं तो अर्धा तुकडा वहीत ठेवतात. मोठी माणसं खिशात कोंबतात आणि विसरतात. आत गेल्यावर बसण्याच्या जागा न सांगता ठरलेल्या असतात. कुठली पेठ कुठल्या बाजूला बसते हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. भुईमुगाच्या शेंगा, चिरमुरे, सोडा घेऊन माणसं आपापल्या पायऱ्यांवर टेकतात.

पहिली मॅच सुरू होते तेव्हा गॅलरी भरलेली नसते, आणि खेळ नीट बघायची हीच वेळ. गर्दी कमी, म्हणून मैदानावरचं बोलणं ऐकू येतं. गोलकीपर बचावफळीला नावानिशी हाका मारत असतो. चेंडूवर बुटाचा आवाज कसा पडला यावरून जुने प्रेक्षक फटका बसला की हुकला ते सांगतात. डाव्या बाजूनं पळणाऱ्या एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडं मी मुद्दाम लक्ष ठेवतो. चेंडू त्याच्याकडं आला की पायऱ्यांवरून हाक येते, "मारू नको, टाक!" पोरगं ऐकतं, चेंडू आत टाकतं, पुढचा गडी पोचत नाही. त्यावर ओरडा होत नाही. उलट दोन-चार टाळ्या पडतात, कारण पास बरोबर होता. या टाळ्या देणारे त्याच्या पेठेचे नसतात. ते दुसऱ्या मॅचसाठी आलेले, तिकिटाचे पूर्ण पैसे वसूल करायला दोनलाच बसलेले असतात. त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा परक्यांची दाद मिळालेली असते.

दोन मॅचच्या दिवसाची ही कमाई कुठल्या हिशेबात धरली जात नाही. दुबळ्या संघाच्या मॅचला एरवी घरचीच माणसं आली असती. पुढची मॅच मोठ्या संघाची आहे म्हणून त्यांना शहराचा प्रेक्षक मिळतो. जाणत्या डोळ्यांसमोर खेळून पोरं तयार होतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, पण त्याच्या खेळाचं मोल या शहराला कळलं ते इथल्या पायऱ्यांमुळं. फुटबॉल ओळखणारी माणसं एका हंगामात तयार होत नाहीत.

पहिली मॅच संपते आणि दुसरी सुरू होते त्यामधली वेळ मला दिवसातली सगळ्यात बोलकी वाटते. हरलेल्या संघाची माणसं उठतात, काही निघतात, बरीचशी जागा बदलून सावलीला बसतात. फाटकातून झुंडीनं माणसं येतात. उद्यमनगरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली, दुकान भावाच्या हवाली करून आलेली, कॉलेज सुटल्यावर थेट आलेली. जो आत येतो तो बसायच्या आधी विचारतो, "काय झालं पहिलीचं?" आणि दोनपासून बसलेला माणूस त्याला अख्खी मॅच सांगतो, गोल कसा झाला ते हातवारे करून दाखवतो. ज्यानं पहिली बघितली त्याच्या शब्दाला त्या क्षणी वजन असतं.

चारच्या मॅचला पाटाकडील आणि दिलबहार, किंवा पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर असतील तर गोष्टच वेगळी. पायऱ्या दिसत नाहीत, नुसती माणसं दिसतात. पोलीस बंदोबस्त वाढलेला असतो. संघ मैदानात आला की जो आवाज उठतो तो छातीत जाणवतो. हिवाळ्यात ऊन लवकर उतरतं, आणि मॅच टायब्रेकरवर गेली तर शेवटच्या पेनल्टी संधिप्रकाशात मारल्या जातात. तेव्हा सगळं स्टेडियम एकाच वेळी उभं असतं.

याच मॅचना कधी कधी गालबोट लागतं हेही बोललं पाहिजे. शिवीगाळ, दगडफेक, त्यावरून थांबलेले सामने, लांबणीवर पडलेल्या स्पर्धा हे सगळं कोल्हापूरनं पाहिलंय आणि त्याची किंमत खेळाडूंनी मोजलीय. यावर एक उपाय असा सुचवला जातो की तिकीट महाग करा, म्हणजे हुल्लडबाज येणार नाहीत. मला हा उपाय मुळातच चुकीचा वाटतो. ज्याला भांडायचंय तो पन्नास रुपये देऊनही येईल. महाग तिकिटानं घरी बसतील ते आबा, ती शाळकरी पोरं आणि मुलांना घेऊन येऊ पाहणाऱ्या आया. म्हणजे ज्यांच्या नुसत्या असण्यानं शेजारचा पोरगा जिभेला आवर घालतो, नेमकी तीच माणसं.

तिकिटाचा प्रश्न श्रीमंत देशांतही सुटलेला नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर सुमारे दहा हजार प्रेक्षक सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर पडले. क्लबनं सगळ्यात महाग तिकीट सत्त्याहत्तर पौंडांचं करायचं ठरवलं होतं, त्याचा तो निषेध होता. ते उठले तेव्हा संघ संडरलंडविरुद्ध दोन गोलनी पुढं होता. मॅच दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली. अब्जावधींच्या उलाढालीत तिकिटाचा पैसा हा एक छोटा भाग असतो, तरी प्रेक्षक उठून गेला की खेळाची रया जाते, हे तिथल्या मालकांनाही मान्य करावं लागलं. आपल्याकडं तर टीव्हीच्या हक्कांचा पैसा नाही. पायऱ्यांवरचा माणूस हेच आपलं भांडवल.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान इथून जवळच आहे. कुठंही बसलं तरी आखाडा दिसावा अशी त्याची उतरती बांधणी. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव कळला पाहिजे, हा विचार या शहराला शंभर वर्षांपूर्वीच मिळालाय. फुटबॉलच्या तिकिटालाही तोच विचार लावावा.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. दोन मॅचचं एक तिकीट मोडू नये. वेगळी तिकिटं काढून पहिल्या मॅचला रिकामी गॅलरी देऊ नये. दर हंगामाच्या आधी जाहीर करावा आणि लीग संपेपर्यंत तोच ठेवावा. वाढवायचा असेल तर फायनलला वाढवावा. शाळेच्या गणवेशात येणाऱ्या पोराला पहिल्या मॅचला फुकट सोडावं. गोळा झालेल्या पैशातून मैदानावर काय झालं ते फाटकाजवळ फळ्यावर लिहावं, जसं तालमीच्या दारात मॅच लिहितात. आणि आपण प्रेक्षकांनी आपल्या वाटणीचं काम करावं: चारच्या मॅचसाठी तिकीट काढलं असलं तरी दोनलाच जावं, परक्या पोरांचा खेळ बघावा, चांगल्या पासला टाळी द्यावी. आपल्या पेठेच्या पोरांनाही उद्या दोनच्या उन्हात खेळायचं असतं, आणि तेव्हा पायऱ्यांवर कुणीतरी परकं बसलेलं लागतं.